रिंगण आणि तबक

पाच सेकंद म्हणजे काळाचा केवढासा तुकडा! तेवढ्यात चहाचा घोट धड गिळून होत नाही, आलेली शिंक आवरत नाही, आणि दारावर थाप पडली तर 'आलो, आलो' यापलीकडे काही म्हणून होत नाही. पण याच पाच सेकंदांना एकादशीच्या दुपारची लांबी कशी येते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने मोबाईलवर एखादे गाणे लावावे. गाण्याच्या आधी कोणी एक तरुण आपल्या दातांची, मोटारीची किंवा बँकेची थोरवी सांगू लागतो. कोपऱ्यात पाच, चार, तीन असे आकडे उलटे पडत असतात, आणि आपला अंगठा 'स्किप' या अक्षरांपाशी उंदराच्या बिळाशी बसलेल्या मांजरासारखा दबा धरून राहतो. त्या तरुणाचे एक अक्षरही आपल्या कानांत शिरत नाही. हे त्याला ठाऊक असते, त्याला पैसे देणाऱ्या शेठजींनाही ठाऊक असते. तरी हा सोहळा रोज, घरोघरी, बिनबोभाट पार पडतो.

हे बटण म्हणजे मोठी सवलत आहे असे मानले जाते, आणि तशी ती आहेही. यूट्यूबने ती २०१० च्या डिसेंबरात देऊ केली. त्यामागचा हिशेब असा की, पाहणारा तीस सेकंद थांबला, किंवा जाहिरात त्याहून आखूड असेल तर शेवटपर्यंत थांबला, तरच जाहिरातदाराने पैसे द्यायचे. म्हणजे पाच सेकंदांत आपण जो अंगठा दाबतो त्याने कोणा एका शेठजींचे काही पैसे वाचतात! एवढा परोपकार मी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने केलेला नाही. पुढे मात्र पंधरा सेकंदांच्या, आणि दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर तीस सेकंदांच्या अशा जाहिरातीही आल्या, ज्यांना हे बटणच नाही.

एवढ्यावरून मी जाहिरातींचा शत्रू आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ज्या अंकाच्या निमित्ताने तुमची-माझी ही भेट होते आहे, तो दिवाळी अंकच मुळी जाहिरातींच्या खांद्यावर बसून घरात येतो. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या प्रकाराला शतक उलटून गेले. या काळात किती कथा-कवितांना सराफांनी, तेलवाल्यांनी आणि सहकारी बँकांनी पोसले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. लहानपणी घरात आलेल्या अंकातल्या गोष्टी वाचून संपल्या, की मी जाहिराती वाचायला घेत असे. दागिन्यांनी मढलेली ती बाई, बाटलीतून निघणारे ते काळेभोर केस, रेडिओभोवती दाटीवाटीने बसलेले ते हसरे कुटुंब ही सगळी आमच्या दिवाळीची पाहुणे मंडळीच होती.

रेडिओचेही तेच. सिलोन केंद्रावरून १९५२ साली सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'च्या तर नावातच दात घासण्याची पेस्ट होती, पण अमीन सयानींचा आवाज आला की पेस्ट कोण आठवतो! आपल्या विविधभारतीवर १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ च्या नववर्षदिनी आल्या. या साऱ्या जाहिरातींनी आमची घरे भरली, काही तर पाठ झाल्या. पण त्यांची एक रीत होती. मासिकातली जाहिरात आपल्या पानावर बसून राही. पान उलटले तर रागावत नसे. रेडिओवरची लागली की आई उठून दुधाकडे बघून येई. चित्रपटगृहात जाहिराती चित्रपटाच्या आधी किंवा मध्यंतरात असत, आणि त्या पिटातल्या हमालाला आणि बाल्कनीतल्या वकिलाला एकच दिसत. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

मग बिनसले कुठे? याचा विचार करताना मला आठवड्याच्या बाजारातला गारुडी आठवतो.

आमच्या गावच्या बाजारात, गुरांच्या दावणीपलीकडच्या मोकळ्या जागेत तो बसत असे. जवळ खुंटीला बांधलेले मुंगूस, समोर झाकलेली टोपली, हातात डमरू. 'आता नागाची नि मुंगसाची लढाई होणार,' असे तो दर दोन मिनिटांनी जाहीर करी. रिंगण भरले, पोरेसोरे पुढे उकिडवी बसली, की तो टोपलीचे झाकण बोटभर उचले. फणा दिसतो न दिसतो तोच झाकण खाली येई आणि त्याच्या हातात ताईत दिसू लागे! विंचवाच्या विषापासून कोर्टातल्या दाव्यापर्यंत सर्व गोष्टींवर तो ताईत लागू पडे. ताईत खपला की पुन्हा डमरू, पुन्हा झाकण, पुन्हा ताईत. कंटाळून एखादा गडी उठू लागला, तर गारुडी त्याच्याकडे बोट रोखून म्हणे, 'जो खेळ अर्धा टाकून जाईल, तो घरी पोचायच्या आत रक्त ओकेल!' मग तो गडी हळूच पुन्हा खाली बसे. नागाची आणि मुंगसाची ती लढाई मी कधी पाहिली नाही. ती पाहिलेला माणूसही मला अजून भेटायचा आहे.

आजच्या चित्रफितींच्या बाजाराने त्या गारुड्याची सगळी विद्या उचलली आहे. यूट्यूबवर आठ मिनिटांची किंवा त्याहून मोठी चित्रफीत असली, की तिच्या पोटात जाहिरात घालता येते. पूर्वी ही मर्यादा दहा मिनिटांची होती, २०२० साली ती खाली आणली गेली. जाहिरात नेमकी कुठे घालायची हे चित्रफीत करणारा ठरवू शकतो. त्याने ठरवले नाही तर यंत्र ठरवते. यंत्राला सांगितलेले असते की, स्वाभाविक विराम शोधून काढ. आता यंत्राला विराम म्हणजे काय कळणार? जिथे काही चाललेले नाही असे दिसते, ती जागा त्याच्या लेखी रिकामी.

एका रात्री एका संकेतस्थळावर मी किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला होता. मैफलीत श्रोत्यांची चुळबूळसुद्धा ज्यांना खपत नसे, त्या किशोरीताई! आलाप एकेका स्वरावर विसावत चालला होता. एका जागी त्या थांबल्या. तंबोरे तेवढे वाजत होते, आणि आता पुढचा स्वर कुठून येतो या उत्कंठेने मी श्वास धरून बसलो होतो. आला तो फरशी पुसण्याच्या औषधाचा स्वर! सारे जंतू नव्व्याण्णव टक्के मेले, आणि त्यांच्याबरोबर भूपही. त्या शांततेत सारे काही चालले होते, हे यंत्राला कोण समजावणार? गवयाचा विराम आणि दुकानाची दुपारची सुट्टी यांतला फरक त्याच्या वहीत नाही.

बरे, हा केवळ यंत्राचा अडाणीपणा असता तर एक वेळ सोडून दिले असते. पण २०२५ च्या मे महिन्यात यूट्यूबने जाहिरातदारांपुढे एक नवी योजना मांडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने चित्रफितीतले असे क्षण हुडकायचे, जिथे पाहणारा सर्वांत अधिक गुंगलेला असतो, आणि त्या क्षणाच्या पाठोपाठ जाहिरात ठेवायची. टोपलीचे झाकण बोटभर उचलून फणा दाखवण्याची ती कलाच की ही! अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. रस पुरता चढल्याची खूण पटवून मग मुद्दाम विघ्न पाठवायचे, ही आठवी कल्पना त्या काश्मिरी पंडिताला सुचली नाही. तो बिचारा भला माणूस होता.

माणूस मात्र विघ्नापुढे हात जोडून बसणारा प्राणी नव्हे. जाहिरात आली तशी तिला चुकवण्याची युक्तीही तिच्या पाठोपाठ आली. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ साली 'फ्लॅशमॅटिक' नावाचे यंत्र काढले. विजेरीसारखे हातात धरायचे आणि दूरचित्रवाणीच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर झोत टाकायचा. मग वाहिनी बदले, किंवा आवाज बंद होई. रटाळ जाहिरातींचे तोंड बसल्या जागेवरून बंद करा, हा त्या यंत्राच्या विक्रीतला एक मुख्य मुद्दा होता. म्हणजे जाहिरात बंद करणारे यंत्र खपवायलाही जाहिरातच लागली!

संगणकाच्या युगात हे काम डेन्मार्कमधल्या हेन्रिक सोरेन्सन या विद्यार्थ्याने २००२ साली केले. अभ्यास टाळायला त्याला काहीतरी उद्योग हवा होता, त्यातून पहिला 'ॲडब्लॉक' जन्माला आला. अभ्यास टाळणाऱ्या मुलांवर जगाचे किती उपकार आहेत हे पालकांना कधी उमगणार? या ॲड-ब्लॉकरचे काम तसे साधे असते. आपण एखादे पान उघडले, की ते आपल्या ब्राउझरकरवी दहा ठिकाणांहून सामान मागवते: मजकूर इथून, चित्रे तिथून, जाहिराती तिसरीकडून. ब्लॉकरजवळ जाहिराती पुरवणाऱ्या पत्त्यांची एक लांबलचक यादी असते, आणि जगभरचे हौशी लोक ती सतत दुरुस्त करत असतात. त्यांपैकी एखाद्या पत्त्यावर मागणी निघाली, की ब्लॉकर तिला उंबऱ्यावरच अडवतो. जाहिरात आत येतच नाही.

माझ्या लॅपटॉपवर ही सोय माझ्या पुतण्याने केली. "काका, द्या इकडे. दोन मिनिटांचे काम आहे," असे म्हणून त्याने ते खरोखरच दोन मिनिटांत केले. त्यानंतरचे काही दिवस मोठे सुखाचे गेले. भूप आरंभापासून अखेरपर्यंत सलग ऐकला. घरात कोणी नसताना दुपारी निजावे, तशी शांतता त्या पडद्यावर नांदत होती.

पण गारुडी आपले रिंगण असे सहजासहजी मोडू देईल कसा? यूट्यूबने २०२३ साली उलट उपाय सुरू केला. पानातच एक पहारेकरी ठेवला, जो जाहिरात खरोखर उतरली की नाही हे तपासतो. नसेल उतरली तर पडद्यावर पाटी येते: ॲड-ब्लॉकर वापरणे नियमाविरुद्ध आहे, एकतर तो काढा, नाहीतर पैसे भरून जाहिरातमुक्त व्हा. काहींना तर तीन चित्रफितींनंतर पडदा बंद होईल अशी तंबी मिळाली. रक्त ओकण्याची भाषा तेवढी नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस हा उपाय जगभर चालू असल्याचे कंपनीने सांगितले. मग ब्लॉकरवाल्यांनी पहारेकऱ्याला चकवणारी युक्ती काढली, पहारेकऱ्याने ती ओळखली, यांनी दुसरी काढली. क्रोम हा ब्राउझर आणि यूट्यूब ही दोन्ही एकाच धन्याची दुकाने. त्या ब्राउझरने २०२४ पासून जोडसामग्रीचे नियम असे बदलले की, जुन्या धाटणीचे काही जोरकस ब्लॉकर त्यात चालेनासे झाले. मांजर आणि उंदीर यांच्या या शर्यतीत कोण मांजर आणि कोण उंदीर, हे दर पंधरवड्याला बदलत असते.

इथवर वाचकांची सहानुभूती बहुधा माझ्या पुतण्याच्या बाजूला असेल. माझीही होती. पण गेल्या भाऊबीजेला या प्रकरणाला वेगळेच वळण लागले.

माझी पुतणी, म्हणजे याच पुतण्याची धाकटी बहीण, नाशिकला असते. ती मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीचे गणित शिकवणाऱ्या चित्रफिती तयार करते. वीस-पंचवीस मिनिटांचा एक पाठ. पण तो लिहायला, चित्रित करायला आणि जुळवायला तिचे दोन-दोन दिवस जातात. यातून थोडे पैसे मिळू लागावेत म्हणून आधी हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, एवढी पायरी चढावी लागते. ती चढल्यावर तिच्या पाठांवरच्या जाहिरातींचे जे उत्पन्न येते, त्यातले शंभरातले पंचावन्न रुपये तिचे आणि पंचेचाळीस स्थळाचे. ओवाळणी झाली, भावाने तबकात पाचशेची नोट टाकली, आणि बोलता बोलता ब्लॉकरची फुशारकी मारली. "तुझे पाठसुद्धा मी बिनजाहिरातीचे पाहतो," असे तो कौतुकाने सांगत होता.

तिने तबक खाली ठेवले नाही. ती म्हणाली, "दादा, वर्षातून एकदा तबकात पाचशे टाकतोस, आणि बाकीचे दिवस माझ्याच तबकातले उचलतोस होय?"

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. पुतण्या थोडा वरमला, पण हार मानणारा नव्हे. त्याने आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच लंगडी नव्हती. जाहिराती नुसत्या दिसत नाहीत, त्या आपला माग काढत घरभर हिंडतात. त्यांनी खाल्लेल्या डेटाचे पैसे आपणच भरतो. आणि कित्येक जाहिराती उघड फसवणुकीच्या असतात. नामांकित दुकानांची सोंगे घेतलेल्या खोट्या जाहिरातींपासून बचाव म्हणून ॲड-ब्लॉकर वापरावा असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेनेच २०२२ च्या डिसेंबरात दिला होता, हेही त्याने सांगितले. "ते सगळे खरे," पुतणी म्हणाली, "पण मग मी कोणाकडे मागू?"

त्या प्रश्नावर जेवणाची पाने मांडली गेली. पण प्रश्न काही जेवणाबरोबर पचला नाही. नगरकडच्या एका आजींनी सत्तरीच्या घरात आल्यावर नातवाच्या मदतीने स्वयंपाकाच्या चित्रफिती काढल्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या हातच्या भाज्या करून पाहिल्या. कोणी खेड्यात बसून पाझर तलाव कसा बांधावा ते दाखवतो, कोणी निवृत्त मास्तर व्याकरण सोडवून दाखवतात. यांना कोणा प्रकाशकाने बोलावले नसते, कोणत्या केंद्राने वेळ दिला नसता. जाहिरातवाल्याच्या त्या पंधरा सेकंदांनी त्यांना उभे राहायला जागा दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

न्यायालयांच्या दारातही हा वाद गेलेला आहे. जर्मनीत एका मोठ्या वृत्तपत्र प्रकाशकाने ब्लॉकर बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की, असा ब्लॉकर पुरवणे ही अनुचित स्पर्धा नव्हे. त्यावर समाधान न होऊन प्रकाशकाने लेखाधिकाराचा मुद्दा काढला, आणि तो २०२५ साली फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत गेला. आपल्याकडे २०२२ साली एका परीक्षार्थीने यूट्यूबवरच्या अश्लील जाहिरातींनी चित्त विचलित होऊन आपण परीक्षेत नापास झालो, म्हणून पंचाहत्तर लाखांची भरपाई मागितली होती. जाहिरात आवडत नसेल तर पाहू नका, अशा अर्थाचे सुनावून सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच एक लाखाचा दंड केला, आणि तो गयावया करू लागल्यावर पंचवीस हजारांवर आणला. उलट २०२५ साली बंगळूरच्या एका ग्राहक न्यायालयाने, चित्रपटाआधी जाहिरातींत घालवलेल्या सुमारे पंचवीस मिनिटांबद्दल एका प्रेक्षकाला भरपाई देववली. पुढे उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली तो भाग वेगळा. पण आपला वेळ ही आपली मालमत्ता आहे आणि तिचे मोल मागता येते, हे एका न्यायासनावरून बोलले गेले.

मोल म्हटले की मुद्दा येतो तो शांततेच्या भावाचा. कारण गारुड्याने आता रिंगणाशेजारी एक तंबूही ठोकला आहे. यूट्यूबची बिनजाहिरातीची सेवा भारतात २०१९ च्या मार्चमध्ये आली ती महिना १२९ रुपयांनी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते १४९ झाले. ज्याला परवडेल त्याने तंबूत जावे, तिथे डमरू नाही, ताईत नाही. पण तंबूत शिरल्यावरही स्वस्थता मिळेलच असे नाही. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२५ च्या १७ जूनपासून भारतात, वर्गणी भरून बसलेल्या मंडळींनाही चित्रपटांमधून आणि मालिकांमधून जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. आधी आसनाचे पैसे, मग आसनावर कोणी टाचण्या ठेवू नयेत म्हणून पुन्हा पैसे!

माझ्यासारख्याला हे पैसे भरता येतात, आणि भरल्यावर मी या साऱ्यातून मोकळा होतो. पण मोकळा होतो म्हणजे काय होते ते मला आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या मुलीकडे पाहून कळले. ती गेल्या वर्षी दहावीला होती. संध्याकाळी फाटकाशेजारच्या खोलीच्या पायरीवर बसून ती वडिलांच्या मोबाईलवर गणिताचे पाठ पाही. योगायोग असा की त्यांत माझ्या पुतणीचेही पाठ असत. प्रमेयाची एकेक पायरी उलगडत जाई, आणि मध्येच जाहिरात लागे. त्या दिवसांत रमीच्या आणि पैशांच्या खेळांच्या जाहिराती फार होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असल्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. पण ही गोष्ट त्याआधीची. जाहिरात लागली की ती पोर मोबाईलकडे पाहत नसे. वहीत जिथे अडले त्या ओळीवर पेन्सिलीचे टोक तसेच दाबून धरी, भिंतीकडे तोंड करी, आणि मघाची पायरी ओठांतल्या ओठांत पुटपुटत राही, ती विसरू नये म्हणून. जाहिरात संपली की मान वळवून पुन्हा पुढची पायरी.

पिटातला हमाल आणि बाल्कनीतला वकील यांना एकच जाहिरात दिसे, असे मी मघाशी म्हटले ते यासाठी. तेव्हा जाहिरात हा सर्वांनी मिळून सोसायचा उपद्रव होता. आता ज्याच्या खिशात आहे तो शांतता विकत घेतो, आणि ज्याच्या खिशात नाही तो ध्यान मोडून किंमत भरतो. ध्यान हीच ज्या मुलीची सारी पुंजी, तिच्याकडूनच ती वसूल व्हावी, यासारखी उलटी सावकारी मी पाहिलेली नाही. आणि ब्लॉकर तरी कोणाला लावता येतो? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे आणि दोन मिनिटांत काम करून देणारा पुतण्या आहे त्याला. साध्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये तो बसत नाही.

मग बाजार उठवायचा की काय? तसे नव्हे. पैसा लागतोच, विद्येला लागतो, गाण्याला लागतो, या अंकालाही लागला आहे. प्रश्न आहे तो पैसा मागण्याच्या वेळेचा आणि रीतीचा. आणि ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

देवळात कीर्तन उभे राहते. बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. द्रौपदीचा धावा ऐन रंगात आलेला असताना बुवांनी थांबून कधी तबक फिरवले आहे असे कोणी ऐकले आहे काय? द्रौपदीची लाज राखली जाते, आख्यान पुरे होते, आरती होते, आणि मग आरतीचे तबक रांगांतून फिरू लागते. ज्याच्याजवळ नोट असेल तो नोट टाकतो, कोणी नाणे टाकतो. ज्याच्याजवळ काहीच नसते, तो ज्योतीवरून हात फिरवून तोंडावर घेतो आणि तबक पुढे देतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याने ऐकलेले आख्यान शेठजींनी ऐकलेल्या आख्यानाहून एका ओवीनेही कमी नसते. आणि बुवांचे घर तेवढ्यावर चालत आले आहे. थाटात नव्हे, पण चालत आले आहे.

हे भाबडेपणाचे स्वप्न आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला मी विकिपीडियाकडे बोट दाखवीन. २००१ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या स्थळांपैकी एक आहे, आणि त्याने आपल्या पानांवर जाहिराती विकलेल्या नाहीत. अधूनमधून तबक फिरवतो, ज्यांना द्यायचे ते देतात, न देणाऱ्यालाही तोच लेख वाचायला मिळतो.

पहारेकऱ्याच्या मुलीची हकीकत मी पुतणीला फोनवर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मधल्या जाहिराती बंद करणे माझ्या हातात असते. सुरुवातीची ते लावणारच. पण मधल्या मी काढू शकते." तिने आपल्या सगळ्या पाठांमधल्या त्या काढल्या. त्यानंतर तिचे उत्पन्न किती घटले हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. प्रत्येक पाठाच्या शेवटी मात्र ती आता अर्धे मिनिट बोलते: पाठ आवडला आणि ऐपत असेल तर काही द्या, विद्यार्थी असाल तर काही देऊ नका, पुढचा पाठ पाहा. तिच्या भावाने आपल्या ब्लॉकरला तिचे पाठ वगळायला शिकवले आहे. "तेवढेच एक तबक सोडून," असे तो म्हणतो. बाकीच्या गारुड्यांशी त्याची लढाई चालूच आहे, आणि ती खरीखुरी लढाई असल्यामुळे मला पाहायला मजा वाटते.

पहारेकऱ्याची मुलगी दहावी झाली. गणितात तिला किती गुण मिळाले ते तिचे वडील फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असत, म्हणून मी इथे सांगत नाही. आता ती अकरावीला आहे आणि भौतिकशास्त्राचे पाठ शोधते आहे.

हा लेख छापला जाईल तेव्हा त्याच्या शेजारच्या पानावर बहुधा एखाद्या साबणाची, सराफाची किंवा बासुंदीच्या मसाल्याची जाहिरात असेल. तिने तुम्हांला वाचताना अडवले नाही, पाच आकडे उलटे मोजले नाहीत, अर्ध्या वाक्यात तुमच्या तोंडावर हात ठेवला नाही. तुमचे वाचून होईपर्यंत ती आपल्या जागी बसून राहिली आहे. तेव्हा आता सवड झाली असेल, तर पान उलटण्यापूर्वी तिच्याकडेही एकदा पाहा. या अंकाचे तबक ते आहे.